कापसाआडचा कारभारी

दिग्रसहून दारव्ह्याकडे जाताना डाव्या हाताला मोहाचा तांडा लागतो, तो खळग्यात बसला आहे. खळगा इतका खोल की मोबाइलचं नेटवर्क वरून जाताना वाकून बघतं, आणि उतरायची हिंमत होत नाही म्हणून तसंच पुढे पुसदला निघून जातं. या तांड्याचे नायक शंकरसिंग राठोड. त्यांच्या आजोबांची लदेणी होती, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडणं, आणि त्या लदेणीत बैल किती होते हे आजवर कोणाला मोजता आलेलं नाही. पहिला बैल हैदराबादेत शिरायचा तेव्हा शेवटचा दिग्रसला शेपटीनं माश्या हाकत, आपला नंबर कधी येतो म्हणून उभा असायचा. शंकरसिंग असंच सांगतात. कोणी हसलं तर एक बैल कमी करतात.

त्यांची सून उज्ज्वला मात्र कोणाला हसत नसे. माहेर राजूरचं. बाप कोळशाच्या खाणीत तीस वर्षं खाली उतरला होता. त्यानं पोरीला एकच शहाणपण दिलं होतं : खाली असताना वर किती माती आहे ते मोजायचं नाही, हातातलं काम मोजायचं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी हे शहाणपण वापरायची वेळ आली नव्हती. ती डिसेंबरातल्या एका गुरुवारी आली.

त्या गुरुवारी दुपारी बारा वाजता तिची मुलाखत होती. एका बियाणं कंपनीला शेतकऱ्यांच्या फोनवर उत्तरं देणारं माणूस हवं होतं. घरी बसून काम, वऱ्हाडी आणि बंजाऱ्यांची गोरबोली दोन्ही येणारं माणूस पाहिजे. अटी दोन : इंटरनेट तुटता कामा नये, आणि खोली बंद, शांत पाहिजे, मागून कुत्रं भुंकलेलं चालणार नाही. बोलावणं एकदाच येतं, चुकलं की पुढचं माणूस, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. बी.ए. झाल्यापासून उज्ज्वलानं सतरा अर्ज केले होते. उत्तर आलं ते या एकाच अर्जाचं.

आता नायकाच्या घरात शांत खोली शोधणं म्हणजे बाजाराच्या दिवशी दारव्ह्यात एकांत शोधणं. इंटरनेटची तार ओसरीत आली होती, राउटरही तिथंच खुंटीला, आणि ओसरीत सकाळपासून तांड्याचा न्याय चालायचा. कोणाची शेळी कोणाच्या तुरीत गेली यावर इतका आवाज व्हायचा की शेवटी शेळीच कबूल करायची. शांत होती ती फक्त घराच्या पोटातली कोठी. पूर्वी धान्याची. भिंती दोन-दोन हात जाड, खिडकी नाही, छताजवळ गोठ्याच्या बाजूला एक वीतभर झरोका, आणि एकच दार. ते दार बाहेर, मधल्या खोलीत उघडायचं. पण भिंती अशा की ओसरीतलं वायफाय कोठीपर्यंत येता येता म्हातारं व्हायचं.

म्हणून नवऱ्यानं, बादलनं, दुसरा राउटर आणून दिला होता. बादल एसटीत कंडक्टर. ओळखीच्या एका ड्रायव्हरकडचं जुनं डबडं, आणि हातभर जाडीचं वायरचं वेटोळं. बुधवारी संध्याकाळी त्यानं ती वायर ओसरीतून घराला वळसा घालून झरोक्यातून कोठीत सोडली आणि पहाटेच्या यवतमाळ गाडीवर निघून गेला. बाकी तू पाह्य, म्हणाला.

उज्ज्वला नऊ वाजता कोठीत शिरली, दार ओढून घेतलं आणि मोबाइलवर नमुन्याचे प्रश्न ऐकत, कानात इअरफोन घालून कामाला लागली.

ती आत शिरते तोच आभाळ आलं.

शेतात ताडपत्रीखाली शंकरसिंगांचा सगळा वेचलेला कापूस पडून होता. भिजला की पिवळा, पिवळा झाला की मातीमोल. नायकानं ट्रॅक्टर पिटाळला, कारभारी गुलाबसिंग आणि आणखी आठ माणसं घेतली, आणि कापूस घराकडे वळवला. ठेवायचा कुठं, तर मधल्या खोलीत. दरवर्षी तिथंच.

राठोडांच्या घरची एक रीत होती. कापसाचं पहिलं गाठोडं उंबऱ्याच्या आत आलं की शेवटचं गाठोडं रिकामं होऊन उंबऱ्यावर दिवा लागेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. बोललेला शब्द कापसात अडकून बसतो आणि तोलाच्या वेळी वजन खातो, असं नायकाच्या बायकोच्या, हंसाबाईंच्या, सासूचं सांगणं. आणि एकदा दिवा लागला की दिवस मावळेपर्यंत त्या कापसाला हात लावायचा नाही. लक्ष्मी आत्ताच टेकली, तिला उठ म्हणायचं नाही. तांड्यात दुसऱ्या कुठल्या घरी ही रीत नाही, पण दुसऱ्या कुठल्या घरी हंसाबाईही नाहीत.

म्हणून नऊ माणसं तासभर मुक्यानं कापूस ओतत होती आणि गुलाबसिंग ढिगावर चढून मुक्यानं तुडवत होता. सून कुठं आहे हे कोणाच्या मनात आलं असेल तरी विचारायचं कसं?

साडेदहाला उज्ज्वलानं इअरफोन काढले. राउटरला वीज मिळाली होती, वायर बसली होती, दिवे लागले होते. मोबाइलमध्ये वायफायचं नाव दिसत होतं, 'दिग्रस का शेर'. त्या ड्रायव्हरनं ठेवलेलं. शेर पासवर्ड मागत होता आणि तो ड्रायव्हर आत्ता कुठल्या घाटात होता देव जाणे. बादललाच ओसरीतल्या वायफायवरून फोन लावावा म्हणून ती उठली आणि दार ढकललं.

दार हललं नाही. हललं म्हणजे, बोटभर गेलं आणि परत आलं, जसं कोणी पलीकडून गादी लावून उभं आहे. फटीतून पांढरं दिसलं. तिनं खांदा लावला. पांढरं मऊपणे मागे सरकलं आणि मऊपणे परत आलं. दगड असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. हे नरम होतं.

"याडी," तिनं सासूला हाक मारली. "बापू. मी कोठीत हाये."

वर, ढिगाच्या उंचीवर, तुडवणारे पाय थांबले. कोणीतरी ऐकलं होतं.

"कोन हाये तिकडे? दार उघडा."

शांतता. नऊ माणसांच्या श्वासांची शांतता, ती वेगळीच कळते.

पलीकडे काय झालं ते नंतर गुलाबसिंगनं चार वर्षं सांगितलं आणि दरवेळी वेगळं सांगितलं, पण एवढं खरं : शंकरसिंगांनी हातवारे केले की कापूस उपसा. हंसाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि दाराशी उरलेल्या गाठोड्यांकडे दाखवलं. अजून पाच होती. ती ओतल्याशिवाय दिवा नाही, दिव्याशिवाय बोलणं नाही, आणि बोलल्याशिवाय सुनेला विचारणार कसं की बाई, तू आत काय करतेस? तेव्हा तिच्याशी लवकरात लवकर बोलता यावं म्हणून आठही माणसं धावली आणि पाचही गाठोडी भराभरा ओतली. ओतली कुठं, तर जागा उरली होती तिथं. कोठीच्या दाराशी. गुलाबसिंगनं घाईघाईनं त्यावर दोन उड्या जास्तच मारल्या.

उज्ज्वलाला ते पाय ऐकू येत होते. दाराची बोटभर फट आधी केसासारखी झाली, मग मिटली. दाराच्या लाकडानं एक कण्हल्यासारखा आवाज केला आणि गप्प झालं. तिला वाटलं आपण मेलो आहोत, आणि हे लोक रीतीप्रमाणे माती लोटतायत.

वर किती आहे ते मोजायचं नाही, बाप म्हणाला होता. तिनं मोबाइलमध्ये वेळ पाहिली. अकराला दहा कमी.

मग झरोक्यातून सासूचा आवाज आला. दिवा लागला होता.

"उज्ज्वला, तू आतमधी काहून गेली वो?"

"तुमाले सांगितलं तं होतं, याडी. आज मुलाखत हाये."

"ते सांगितलं होतं. कोठीत जाशीन हे कुठं सांगितलं?"

"बापू कुठी हायेत? कापूस काढाले सांगा ना दारापुढचा."

बाहेर थोडी कुजबुज. मग शंकरसिंगांचा आवाज, जरा वरून, म्हणजे ते गव्हाणीवर चढले असावेत. "बेटा, घाबरू नोको. माझा आजा एकदा मिठाच्या पोत्यायखाली तीन दिवस..."

"नायक," हंसाबाई म्हणाल्या, "आजाले मिठाखालीच राहू द्या. दिवा लागला हाये. दिवस मावळल्याबिगर कापूस हालत नाही."

"अवो, पोरगी आत हाये."

"पोरगी आत हाये, जित्ती हाये, सावलीत हाये. मी काय तिले उन्हात उभी करून राह्यली काय? भाकरी गुंडाळून झरोक्यातून देतो. आन काढतो म्हटलं तरी एवढा कापूस काढाले दिवस मावळतेच."

हे शेवटचं खरं होतं. उज्ज्वलानं दाराला पाठ लावली. लाकडातून उबारा येत होता, मेंढीच्या अंगासारखा. सहा वाजेपर्यंत या चार भिंती, एक पिवळा बल्ब, जुन्या कणग्या, खुंटीवर सासूचं अर्धवट कशिद्याचं गाठोडं, आणि शेर. झरोक्याखाली उभं राहून मोबाइल वर धरला तरी नेटवर्कची एक काडी येत नव्हती. बाहेरच्या जगाशी तिचा संबंध आता एका वायरीपुरता होता, आणि मोबाइलला ती वायर लावायचं भोक नसतं.

बारा वाजता कंपनीच्या मॅडम फोन लावतील. न लागला तर पुढचं माणूस. सतरा अर्ज.

तिच्या सांगण्यावरून बापूंनी ओसरीतून बादलला फोन लावून पाहिला, लागला नाही. मग राउटर उलटा करून तिनं पाहिलं. खाली कागद चिकटवलेला, मूळचं नाव, मूळचा पासवर्ड आणि एक आकड्यांचा पत्ता. आणि मागे टाचणी जाईल एवढं भोक. ते दाबून धरलं की डबडं सगळं विसरतं, हे तिला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये सांगितलं होतं. पण टाचणी? केसाला पिन नव्हती, ती तर रबर लावणारी. मग कशिद्याच्या गाठोड्यावर नजर गेली. हंसाबाई गेल्या पावसाळ्यापासून एक कांचळी, आरसे लावलेली चोळी, भरत होत्या. आरसा अर्धा टाकलेला, सुई तिथंच खोवलेली.

"याडी, तुमची सुई घेऊ काय?"

अर्ध्या टाक्यातून सुई काढणं हंसाबाईंना कसं लागतं ते सगळ्या तांड्याला माहीत होतं.

"कायले?"

"या डबड्याले सगळं विसराले लावतो."

"घे," सासू म्हणाली. "मलेबी लाव मंग एखांद्या दिवशी."

सुई आत गेली. उज्ज्वलानं दहापर्यंत मोजलं. दिवे सगळे एकदम विझले, मग एकेक करून लागले. शेर मेला. त्याच्या जागी कंपनीचं नाव आलं, कागदावरचा पासवर्ड चालला, मोबाइल वायफायला जोडला गेला. सव्वाअकरा.

पण इंटरनेट नव्हतं. जोडलं आहे म्हणतो आणि काहीच येत नाही. गोल नुसता फिरतो.

आणि तेवढ्यात बाहेर गलका झाला. "ओसरीतलंबी गेलं," शंकरसिंग म्हणाले. "बेटा, माह्या मोबाइलमधी बैलाची शर्यत चालू होती, ते बैल हवेतच थांबले."

"तुमी काई हात लावला काय, बापू?"

"मी कायले लावतो? तू त्या डबड्याले सगळं विसराले लावलं, त्यानं याले सांगितलं असन."

"ओसरीतलं बंद करून परत चालू करा बरं."

शंकरसिंग गेले. त्यांना डबड्याचं बटण सापडलं नाही, की शोधायचा कंटाळा आला, ते कळलं नाही. त्यांनी मीटरपाशी जाऊन घराचं मेन खाली ओढलं.

कोठीतला बल्ब गेला. उज्ज्वलाला आपला हात दिसेना. वीतभर झरोक्यात बाहेर ढगाळ उजेड, तो छतालाच चिकटून राहिलेला, खाली उतरत नव्हता. काळोखात कापसाचा वास जास्त आला, सरकीचा, तेलकट, गोडसर. आणि आवाज? आवाजच नव्हता. तीन भिंतींच्या पलीकडून तरी काही आलं असतं, पण चौथ्या बाजूला कापूस जे येईल ते गिळत होता. तिच्या स्वतःच्या श्वासाचा आवाजही दाराकडे गेला की परत येत नव्हता. ती जमिनीवर बसली. राउटर मांडीवर घेतला. तो अजून कोमट होता. बाप रोज आठ तास असा बसत असेल, आणि वर आल्यावर म्हणायचा, काय जेवायला आहे?

बल्ब लागला. "झालं काय?" झरोक्यातून.

झालं नव्हतं. गोल फिरतच होता. अकरा पस्तीस.

बाहेर आता गुलाबसिंगही येऊन पोचला होता. त्याला न बोलवता सल्ला द्यायची सवय. "नायका," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जुनं काहीतरी खरचटलं, "एका घरात दोन झाले की असंच होते. मले इचारा. दोघंबी सारखेच खरे, मंग बाकीच्यायनं आयकाव कोनाचं?"

"गप ना, गुलाबसिंग."

"मी गपच हाये. सात वर्सं झाले गप हाये."

हे सात वर्षांपूर्वीचं प्रकरण उज्ज्वला लग्नाआधीपासून ऐकून होती, कारण ते राजूरपर्यंत पोचलं होतं. तेव्हा तांड्यात सहा महिने दोन नायक होते. अर्ध्या लोकांचा शंकरसिंग, अर्ध्यांचा गुलाबसिंग. दोघंही नवीन वस्तीतल्या जागा वाटत होते, आणि दोघांनीही पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. चौदा नंबरची जागा एकानं प्रेमसिंगला दिली, दुसऱ्यानं धनीबाईला. दोघांनी दोन्हीकडून घर बांधायला घेतलं आणि भिंती मधोमध येऊन भेटल्या. आजही त्या घराला दोन दारं आणि एक चूल आहे, आणि धूर कोणाचा यावर भांडण. पोस्टमन तर चौदा नंबरचं पत्र आलं की ते पिंपळाला टांगून पळायचा. शेवटी पंचांनी ठरवलं : नायक एकच. गुलाबसिंग कारभारी. आल्यागेल्याला आत घ्यायचं, निरोप न्यायचे-आणायचे, पण जागा वाटायच्या नाहीत. तेव्हापासून तांडा चालतो.

उज्ज्वलाच्या मांडीवरचा राउटर उलटा होता. तिनं कागदावरचा पत्ता वाचला. मग मोबाइलमध्ये बुधवारी रात्री काढलेला ओसरीतल्या राउटरच्या कागदाचा फोटो उघडला.

दोन्हींचा पत्ता एकच. शेवटचा आकडा एक.

दोघंही स्वतःला एक नंबर म्हणत होते. दोघंही घरातल्या प्रत्येक मोबाइलला बसायला जागा देत होते. शेरनं सगळं विसरल्यावर त्याला पहिली गोष्ट आठवली ती ही, की आपण नायक आहोत.

"गुलाबकाका," ती झरोक्याकडे तोंड करून म्हणाली, "तुमी बराबर सांगितलं."

सात वर्षांत हे वाक्य त्याला पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं.

तिनं वायर उपटली. भांडण सोडवायचं तर आधी दोघांना वेगळं करायचं. मोबाइलवर कोठीतल्या राउटरचा पत्ता टाकला, त्याचं पान उघडलं, सगळं इंग्रजीत आणि मुंगीच्या पायाएवढं. एक रकाना सापडला, त्यात शेवटचा एक खोडून दोन केला. मग ते दुसरं शोधायला लागली, जागा वाटणारं. तीन पानं उलटली. क्लासमधल्या सरांनी त्याला डीएचसीपी म्हटलं होतं, एवढंच आठवत होतं. अकरा सत्तेचाळीसला तो शब्द दिसला आणि शेजारी बरोबरची खूण. ती काढली. खाली बटण होतं ते दाबलं, आणि पान गेलं. सगळंच गेलं. वायफायचं नावसुद्धा.

आपण मारून टाकलं, तिला वाटलं. दाराच्या पलीकडे कापूस, अलीकडे ती आणि एक मेलेलं डबडं.

"काय झालं वो?" सासू.

"थांबा, याडी."

"थांबलीच हाये मी. गव्हाणीवर उभी हाये अर्ध्या घंट्यापासून."

दिवे परत लागले. नाव परत आलं. तिनं वायर घेतली. वेगळ्या रंगाचं एकटं भोक सोडलं, ते नायकाचं, बाहेरून येणाऱ्या तारेचं. बाकीच्या चार सारख्या भोकांतल्या एकात खोचली. कारभाऱ्याची जागा तीच. मोबाइल जोडला. गोल फिरला, फिरला, आणि थांबला.

ओसरीकडून शंकरसिंग ओरडले, "बैल खाली उतरले."

अकरा छप्पन.

"याडी," उज्ज्वला म्हणाली, "आता मुलाखत सुरू होईन. मांगून आवाज नाही आला पाहिजे. गायीचा बी नाही."

उज्ज्वलाला झरोक्यातून फक्त त्यांच्या पाटल्यांचा आवाज लांब जाताना ऐकू आला. पुढचं तिला नंतर कळलं. सासू उंबऱ्यावर गेली, सगळ्या माणसांसमोर फुंकर मारून दिवा विझवला, आणि ओठांवर बोट ठेवून सगळ्या अंगणावरून एकदा नजर फिरवली. दिवा नाही, म्हणजे बोलणं नाही. तिच्या हयातीत तो दिवा भर दुपारी विझला तो हा एकदा. माणसं जिथं होती तिथं बसली. गुलाबसिंगनं गायीच्या तोंडाला कडब्याची पेंढी लावली. शंकरसिंगांना शिंक आली, ती त्यांनी गिळली. पुढे ते सांगायचे की ती शिंक आठ दिवस पोटात फिरत होती आणि शेवटी पुसदच्या बाजारात निघाली, तेव्हा तीन छत्र्या उलट्या झाल्या.

बारा वाजता मोबाइलवर अर्पिता मॅडम आल्या. कपाळावर चष्मा, थकलेला आवाज, मागे काचेची भिंत. नाव, शिक्षण, पिकांवरचे चार प्रश्न. कोणीतरी शेतकरी बनून खोटा फोन केला, तुरीच्या पानांना भोकं पडली म्हणून, आणि उज्ज्वलानं त्याला वऱ्हाडीत इतकं विचारलं की तो खरा शेतकरी असल्यासारखा गडबडला. मॅडम पहिल्यांदा हसल्या.

"आता शेवटची चाचणी. दोन मिनिटं तुम्ही काही बोलायचं नाही. आम्ही तुमच्या खोलीचा आवाज ऐकतो."

उज्ज्वलानं ओठ मिटले.

दोन मिनिटं काय असतात ते त्या दिवशी तिला कळलं. बल्बची गुणगुण, राउटरचा एक हिरवा दिवा डोळा मारल्यासारखा. पाठीमागे दार, आणि त्यामागे उंच, पांढरं, दाबलेलं, गप्प. बाहेर अख्खा तांडा श्वास धरून. घाम कानामागून उतरला. वर किती आहे ते मोजायचं नाही. ती मोजत होती.

"कमाल आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा खाली घेतला. "कालपासून एकोणतीस जण झाले. कोणाचा मिक्सर, कोणाची म्हैस, एकाच्या मागे तर वरात. तुमच्याकडे काहीच नाही. स्टुडिओत असतं तसं. भिंतींना काही लावलंय का?"

"हो, मॅडम. कापूस."

"छान. आणि हे असंच राहील ना? रोज? आमची नोकरी त्यावर आहे."

उज्ज्वलानं मागे वळून दाराकडे पाहिलं. सकाळपासून ती त्या दाराला जितकं ढकलत आली होती, तितकं कोणत्याच दाराला तिनं ढकललं नव्हतं.

"राहील," ती म्हणाली.

दिवस मावळला. बाहेर दिवा परत लागला आणि माणसं कापसाला भिडली. कोठीत बसून ती त्यांची नखं ऐकत होती, उंदीर कुरतडतात तशी, जवळ जवळ येताना. दार हललं तेव्हा ती उठली आणि फटीतून म्हणाली, "बापू, दारापुरतंच काढा. जास्ती नका काढू."

तसंच झालं. ढिगाच्या पोटातून माणूस रांगत जाईल एवढं भुयार पाडलं, वर फळ्या टाकल्या. रोज सकाळी नऊला उज्ज्वला पदर कमरेला खोचून, हातात पाण्याची बाटली, गुडघ्यांवर आत जायची. मागून हंसाबाई भुयारात एक भरलेलं गाठोडं बुच लावल्यासारखं ढकलायच्या. संध्याकाळी सहाला काढायच्या. मधल्या वेळात कोणी काय विचारलं तर सांगायच्या, सून कामावर गेली हाये. पगार खरा होता, काम खरं होतं. दर महिन्याला मॅडम फोन करून विचारायच्या, आवाज अजून तसाच ना?

होळी झाली. पाडवा झाला. साऱ्या टापूतला कापूस दिग्रसच्या जिनिंगला गेला आणि सगळ्या घरांच्या मधल्या खोल्या परत खोल्यांसारख्या दिसायला लागल्या. नायकाच्या घरी मात्र कापूस तसाच, उन्हानं तापून कोठीची भट्टी झालेली. उज्ज्वलाच्या अंगावर घामोळं उठलं, केसांत सरकीचे तंतू कायमचे बसले, पण मॅडमना ती कधी काही बोलली नाही. उन्हाळ्यातल्या एका दुपारी दिग्रसचा व्यापारी ओसरीत येऊन बसला. भाव चांगला होता, आठवड्याभरात पडणार असं सगळे म्हणत होते. ट्रक दाराशी उभा. शंकरसिंगांनी चहा मागवला, मिशी ओढली, आत मधल्या खोलीकडे पाहिलं, आणि भुयाराच्या तोंडाशी बुच लावलेलं गाठोडं पाहिलं. मग त्यांनी मोबाइल काढला आणि ओसरीतल्या वायफायवरून बियाणं कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

फोन ओसरीतल्या नायकाकडून निघाला, पुण्याला गेला, तिथं कोणीतरी पाहिलं की यवतमाळ जिल्ह्यातला आहे, वऱ्हाडी बोलणारा, आणि वळवला. तिथून परत आला, त्याच तारेनं, त्याच ओसरीत, वळसा घालून झरोक्यातून, कारभाऱ्याकडे.

"नमस्कार. काय मदत करू?" उज्ज्वलाचा आवाज एकदम साफ होता. मागे काहीच नाही.

"बाई," शंकरसिंग म्हणाले, "एक इचारतो. घरातला कापूस आता इकू, का ठेवू?"

व्यापाऱ्यानं कप खाली ठेवला. पंधरा हातांवरच्या कोठीत कोणीतरी घामेजलेला हात फडक्याला पुसत असावं, पण ते ओसरीतून ऐकू येणं शक्य नव्हतं.

"भावाचं आमाले सांगता येत नाही, काका," ती शेवटी म्हणाली. मग आवाज खाली गेला. "पन घाई नका करू."

"ठीक हाये, बेटा," शंकरसिंग म्हणाले. फोन ठेवला आणि ट्रकवाल्याला हातानं परत जा म्हणून खूण केली.